बाइंड नसेल तर शिट्टी वाजलीच पाहिजे

२६ जुलै २०२५ रोजी मेलबर्नला नव्वद हजार प्रेक्षकांसमोर लायन्सचा जॅक मॉर्गन रकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोवर जाऊन आदळला. लगेच ह्यूगो कीननने ट्राय केला आणि लायन्सनी कसोटी २९-२६ अशी जिंकून मालिकाही खिशात घातली. रेफरी आंद्रेआ पिआर्दी यांनी रिप्ले पाहिला आणि दोघे एकाच वेळी पोहोचले असे सांगत ट्राय कायम ठेवला. ऑस्ट्रेलियाचे कोच जो श्मिट यांनी कलम ९.२० वर बोट ठेवले. वर्ल्ड रग्बीने रेफरींची पाठराखण केली. या प्रसंगावर आमच्याकडे अजून पत्रे येत आहेत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: तिथे चालते, तर आम्ही इथे शिट्टी का वाजवायची?

वाजवायची, कारण नियम तोच आहे. आमच्या मते मेलबर्नलाही पेनल्टी द्यायला हवी होती. खांद्यांच्या रेषेच्या वर संपर्क करायचा नाही, हे ९.२० मध्ये स्वच्छ लिहिले आहे. दोघे एकदम पोहोचले तर चालेल, अशी सवलत त्यात नाही. निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, टिझानो इतका वाकला होता की येणाऱ्याला दुसरी जागाच उरली नव्हती. मग १५.३ कशासाठी आहे? डोके आणि खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, हे जॅकलरलाही लागू आहे. तो त्या रेषेखाली गेला असेल किंवा बॉलच्या पुढे हात टेकून उभा असेल, तर त्याच्याविरुद्ध तत्काळ पेनल्टी द्या. बेकायदा वाकलेल्याची शिक्षा तेवढीच. त्याच्या मानेवर खांदा घालायची मुभा त्यातून कुणाला मिळत नाही.

आपल्याकडच्या शालेय आणि क्लबच्या सामन्यांत काय दिसते? टॅकल झालेला मुलगा खाली पडलेला, त्याच्यावर वाकून जॅकलरने बॉलला हात घातलेला, मान पुढे लांबलेली. समोरून एक जण पळत येतो. कोपर बरगडीला चिकटलेले, मूठ छातीशी, आणि खांदा थेट कानामागे. बाइंडचा पत्ता नाही. ९.२० प्रमाणे बाइंडशिवाय केलेला कोणताही संपर्क म्हणजे चार्जिंग. रेफरी त्या क्षणी खालच्याने बॉल सोडला का आणि ऑफसाइड लाइनवरून कोण पुढे सरकले, एवढेच पाहत असतो. बॉल बाहेर आला की खेळ पुढे जातो. सेव्हन्समध्ये तर चौदा मिनिटांच्या सामन्यात यलो कार्ड म्हणजे दोन मिनिटे सहाच खेळाडू, तेवढ्यात निकाल फिरतो. म्हणून हात खिशाकडे जात नाही, आणि टचलाइनवरून कोचची आरडाओरड चालूच असते. रेफरी मित्रहो, ही भीड सोडा. पहिल्या दोन रकमध्ये बाइंडवर शिट्टी वाजली, की तिसऱ्यापासून खेळाडू आपोआप हात पुढे करून येतात.

धाडस कसे दाखवायचे, याचा दाखला हवा असेल तर २०२३ च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना काढून पाहा. सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटे झाली होती. रकमध्ये न्यूझीलंडच्या शॅनन फ्रिझेलचे वजन बाँगी मबोनाम्बीच्या पायावर आले, आणि वेन बार्न्स यांनी फ्रिझेलला यलो कार्ड दाखवून बाहेर बसवले. मबोनाम्बी गुडघ्याच्या दुखापतीने गेला तो परत आला नाही. सामना एका गुणाने सुटला, तरी ते कार्ड योग्यच होते. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ट्विकनहॅमला इटलीविरुद्ध इंग्लंडचा जॅक विलिस क्रोकोडाइल रोलमध्ये गुडघा गमावून बसला, तेव्हा तो रोल नियमात बसत होता. त्यावर बंदी यायला १ जुलै २०२४ उजाडावे लागले. इतक्या किमतीने आलेला नियम आपल्याकडे कित्येक कोचना अजून माहीतही नाही!

आता कागदपत्रांकडे वळू. एका वाचकाने एका स्पर्धेतला दुखापतीच्या नोंदीचा छापील फॉर्म पाठवला आहे. वयाचा दाखला, आधार क्रमांक, शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही, सगळ्यांना रकाने आहेत. दुखापतीसाठी एकच ओळ: किरकोळ की गंभीर. त्याखाली 'पुढील सामना खेळण्यास पात्र: होय / नाही', आणि सही टीम मॅनेजरची. डॉक्टरची नाही, फिजिओची नाही, रेफरीची तर नाहीच. उपांत्य सामना दोन तासांवर असताना मॅनेजर 'नाही'वर खूण करील, असे हा फॉर्म छापणाऱ्याला वाटलेच कसे? दुखापत टॅकलमध्ये झाली, रकमध्ये की स्क्रममध्ये, हे विचारलेलेच नाही. मग मोसमाअखेरीस कोणती समिती कशाच्या आधारे सांगणार, की आपली मुले कुठे जायबंदी होतात? जन्मदाखल्याची झेरॉक्स अस्पष्ट आली म्हणून संघ परत पाठवणारे अधिकारी मैदानावर प्रशिक्षित प्रथमोपचारक नसताना सामना सुरू करू देतात. ही बेपर्वाई आहे, आणि तिला दुसरा शब्द आमच्याकडे नाही.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला 'दहा मिनिटे बसवून बघू' म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. एचआयए ही तपासणी प्रशिक्षित डॉक्टर आणि तशी व्यवस्था असलेल्या वरच्या दर्जाच्या सामन्यांसाठी आहे. आपल्या पातळीवर नियम एकच: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. दुसऱ्या दिवशी फायनल असली तरी नाही.

कोचमंडळींनाही सांगायचे आहे. क्लिअर-आउटचा सराव तुम्ही हिट शील्डवर घेता. शील्डला धरायला काही नसते, म्हणून मुले नुसता खांदा घालतात आणि तीच सवय घेऊन सामन्यात येतात. आठवड्यातला एक सराव तरी शील्डशिवाय, चालण्याच्या वेगाने, समोर माणूस उभा करून घ्या. शेवटच्या दोन मीटरमध्ये पावले आखूड, हनुवटी वर, आधी हात आणि मग खांदा. बाइंड झाल्यावरही पायांवर राहून ढकलायचे, अंगावर पडायचे नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे एका संध्याकाळी येते, हे आम्ही पाहिले आहे. मोठ्यांना येत नसेल, तर ते त्यांच्याकडे कोणी मागितलेलेच नाही.

या अंकासोबत दुखापतीच्या नोंदीचा एक पानाचा नमुना जोडला आहे. त्यात खेळाचा टप्पा, बाइंड होता की नाही, रेफरीने काय दिले आणि खेळाडूला मैदानातून कोणी बाहेर काढले, एवढेच रकाने आहेत. झेरॉक्स काढा, पुढच्या स्पर्धेत प्रत्येक दुखापतीसाठी भरा आणि आमच्याकडे पाठवा. खेळाडूचे नाव नको, फक्त वयोगट लिहा. पुरेशी पाने जमली की ती घेऊन आम्ही स्वतः तांत्रिक समितीसमोर जाऊ.