स्टिरिओची वायर घरीच बनवा

अहिवारा-भिलाईचा पट्टा पोलादाचा. इथल्या नंदिनी खाणीतला चुनखडक भिलाईच्या भट्ट्यांना जातो. पण स्टिरिओच्या वायरीत लोखंड कामाचे नाही. त्याचा रोध तांब्याच्या जवळपास सहापट. म्हणून तांबेच घ्या. तेही फार लांबचे नाही, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला निघते.

महागड्या केबलला भुलण्याआधी हिशेब करा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा जेमतेम दीड टक्का! दुकानातली साधी, बारीक तारांची दोन पदरी वायर पुरते.

सीडी प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल मात्र जाळीवाली घ्या. तिथला सिग्नल नाजूक असतो. जाळी नसेल तर घरातल्या विजेची गुणगुण आत शिरते. आतली तार आरसीए पिनच्या मधल्या टोकाला आणि जाळी बाहेरच्या कड्याला सोल्डर करा. मुलांनी हे काम मोठ्यांसोबतच करावे.

जोडण्याआधी दोन गोष्टी मल्टिमीटरने तपासा. एक, दोन्ही तारा कुठे एकमेकींना टेकत नाहीत ना? टेकल्या तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. दोन, लाल टोक लालकडेच जाते ना? एकच स्पीकर उलटा लागला, तर ढोलकीचा घुमारा हरवतो.

मग आवडते गाणे लावा. वाचलेल्या पैशांत स्पीकर थोडा बरा घ्या. फरक तिथे ऐकू येतो.