टोकन ज्याच्या हाती

पूर्वी शाखेत धनादेश वटवायला दिला की खिडकीतून पितळी टोकन हाती पडत असे. सहीची पडताळणी आत होई. रोखपाल मात्र क्रमांक पुकारून टोकन मागे आणि नोटा मोजून देई. एखादा सावध रोखपाल नाव वा रक्कमही विचारी. तरीसुद्धा टोकन हरवले तर काळजात धस्स होत असे, कारण सहीची परीक्षा तोवर संपलेली असे.

नेट बँकिंगचा कारभारही याच धर्तीवर चालतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. महाजालाची मूळ रचनाच विसराळू आहे. प्रत्येक पान मागवताना आपला संगणक सर्व्हरला नवखाच असतो. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’चा उपाय काढला. परवलीचा शब्द आणि ओटीपी जुळला की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक कुकीच्या रूपाने देतो. त्यानंतर आपली ओळख पटते ती याच क्रमांकावरून. तो चालू असेपर्यंतच्या काळाला सत्र किंवा सेशन म्हणतात. हा क्रमांक ज्याच्या हाती लागला, त्याला परवलीचा शब्द ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येणारे ‘फायरशीप’ हे साधन सर्वांसाठी खुले केले. ते वापरून उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवर शेजारच्या टेबलावरील अनोळखी माणसाचे फेसबुक खाते एका क्लिकसरशी उघडता येई. अनेक संकेतस्थळे तेव्हा प्रवेशाचे पान तेवढे कूटबद्ध करीत आणि पुढचा सारा संवाद उघड्यावर चालवीत. हा निष्काळजीपणा चव्हाट्यावर आणणे, हाच बटलर यांचा हेतू होता. पुढील काही वर्षांत संपूर्ण संकेतस्थळ कूटबद्ध ठेवण्याची रीत रूढ झाली आणि चोरांनी वाट बदलली. मार्च २०२३ मध्ये कॅनडातील ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब वाहिनीच्या कर्मचाऱ्याने प्रायोजकाचा प्रस्ताव समजून एक फाइल उघडली. तीत दडलेल्या प्रोग्रामने ब्राउझरमधील सत्राची माहितीच लांबवली आणि वाहिनी परक्यांच्या ताब्यात गेली. तंत्रज्ञानावर जगाला सल्ला देणाऱ्यांची ही गत!

‘चष्मा शोधेपर्यंत संकेतस्थळाने बाहेर काढले’ ही ग्राहकांची नेहमीची तक्रार या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी. माझ्या मते बँकांनी ही घाई मुळीच सोडू नये. काही मिनिटांत रद्द होणारे टोकन चोराच्या फारसे उपयोगी पडत नाही. पैसे पाठवताना पुन्हा ओटीपी लागतो, मग सत्र चोरून काय साधणार, असे काहीजण विचारतात. साधते ते असे, की शिल्लक किती, ठेव कधी संपते, मागचा हप्ता कोणाला गेला, हे चोराला दिसते; आणि दुसऱ्या दिवशी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या तोंडी हाच तपशील असला, तर त्याच्यावर विश्वास बसायला कितीसा वेळ लागणार?

ग्राहकानेही नुसती खिडकी बंद करून उठू नये. तसे करणे म्हणजे टोकन खिशात ठेवून घरी जाणे होय. रोखपालाला त्याचा पत्ताच नसतो. ‘लॉग आउट’ दाबले म्हणजे तो क्रमांक सर्व्हरकडून रद्द व्हायला हवा.

तथापि ग्राहकाला उपदेश करून बँकेची जबाबदारी संपत नाही. प्रवेशानंतर नवा क्रमांक दिला जातो की जुनाच पुढे चालतो, पानावरील एखाद्या घुसखोर प्रोग्रामला कुकी वाचता येते की नाही, हे ग्राहकाला पाहता येत नाही. ते बँकेनेच पाहावयाचे. बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना त्रयस्थाने फसवले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले, ते म्हणूनच योग्य होते.

आणखी एक साधी गोष्ट बँकांना सहज करता येईल. नामनिर्देशित व्यक्तीची जन्मतारीख पाहायला कपाटापाशी गेलेल्या आजोबांना परतल्यावर मुदत ठेवीचा कोरा अर्ज दिसावा, हे काही सुरक्षिततेचे अंग नव्हे. सत्र जरूर तोडावे. पण मिनिटभर आधी सूचना द्यावी, भरलेला मजकूर सर्व्हरवर जपून ठेवावा आणि पुन्हा प्रवेश केल्यावर अर्ज तेथूनच पुढे भरू द्यावा.