उत्तराआधी 'एक' शोधा

चाकूरच्या एका शेतकऱ्याकडे कडब्याच्या पस्तिसाहून कमी पेंढ्या आहेत. पाच-पाच मोजल्या तर ३ उरतात, सात-सात मोजल्या तर २. चाचपडत २३ हे उत्तर सापडेल. पण ते गणित नव्हे.

खरी किल्ली १५ − १४ = १ ही. १५ ला पाचने भागल्यास बाकी ०, सातने १. −१४ चे नेमके उलट. म्हणून २×१५ − ३×१४ = −१२; त्यात ३५ मिळवा, २३! ४ व ६ च्या पटींतून १ मिळत नाही, तेथे काही बाक्या जुळतच नाहीत.

अशा उदाहरणांची कुट्टक रीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) आहे. पटींच्या अशा संचांना डेडेकिंडने १८७१ मध्ये 'आयडियल' म्हटले. शाळेत मात्र आपण मसावि काढून थांबतो. त्याच भागाकारांवरून उलट पावली चालायलाही शिकवावे.