पाट-पाणी झालं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांना आता ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं घर. चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसांची घरं लावून देताना एक प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो : ‘आमच्याकडे जेवणाचं टेबल बसेल का हो? आणि बसलंच, तर ती जागा चांगली कशी दिसेल?’

चाळीच्या खोलीत जेवणाची अशी वेगळी जागा नव्हतीच. संध्याकाळी मुलं ज्या सतरंजीवर अभ्यास करत, तिथेच रात्री पानं घेतली जात. जेवणं झाली, फरशी पुसली की तिथेच अंथरुणं पडत. अशा घरातल्या बाईला पहिल्यांदाच एक कोपरा फक्त जेवणासाठी मिळतो, तेव्हा तो मनासारखा व्हावा असं तिला वाटणारच. म्हणून आजचा लेख त्या कोपऱ्यासाठी.

बहुतेक लहान फ्लॅटमध्ये ही जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली सहा-सात फुटांची पट्टी. तिथे सजावटीची सुरुवात मोजपट्टीने करायची. एका माणसाला हात हलवून जेवायला टेबलाची दोन फूट कड लागते. आपलं ताट फूटभर व्यासाचं, त्यात मधोमध भाताचं पातेलं, आमटीचं भांडं आणि पोळ्यांचा डबा येणार; म्हणजे रुंदी अडीच फुटांच्या खाली नको. चौघांना चार बाय अडीच फुटांचं टेबल पुरतं. टेबलाची उंची अडीच फूट, बसायची उंची दीड फूट. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि पाठीमागून वाढायला जायला अडीच-तीन फूट मोकळे हवेत.

ही मापं कागदावर समजत नाहीत. म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्रांची पानं जोडून टेबलाच्या मापाचा कागद करा, तो जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस त्याच्या कडेने वावरा. फ्रिजचं दार उघडतं का, गॅसपाशी जायला वळसा पडतो का, सगळं कळेल.

जागा अपुरी वाटली तर टेबल भिंतीला लावून ठेवा, पाहुणे आले की ओढून घ्या. नाहीतर भिंतीच्या बाजूला खुर्च्यांऐवजी बाक करा. मागे जागा सोडावी लागत नाही आणि गर्दी झाली तर दोघांच्या जागी तीन मुलं मावतात. बाकाखाली खण करून गणपतीच्या आराशीचं सामान ठेवता येतं. मात्र आजी-आजोबांना बाकावर बसवू नका. त्यांना हाताची आणि पाठीची खुर्ची हवी, उठताना त्या हातांचाच आधार असतो.

काचेचं टेबल मी कुणालाही सुचवत नाही. स्टीलची ताटं त्यावर वाजतात आणि बोटांचे डाग दिवसभर दिसतात. संगमरवर दिसायला देखणा, पण लिंबाचा, आमसुलाचा एक थेंब पडून राहिला की त्यावर कायमचा व्रण उठतो. लाकूड किंवा चांगल्या प्लायवर सनमायका, हे आपल्या जेवणाला सोसतं. वर सुती कापड घाला. हळदीचा डाग पडला तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आपल्या आयांना ठाऊकच होतं.

आता उजेड. लहान जागेचं रूप सर्वांत जास्त कशाने बदलत असेल तर दिव्याने. पांढऱ्याफेक ट्यूबखाली वरणसुद्धा फिकं दिसतं. टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच फुटांवर एक टांगता दिवा घ्या, आत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी. तेवढ्याने टेबलाभोवती उजेडाचं एक वर्तुळ तयार होतं आणि भिंत न घालता जेवणाची खोली वेगळी होते. पंखा मात्र दिव्यापासून लांब किंवा भिंतीवर, नाहीतर दिवा हलत राहील आणि ताटात सावल्या नाचतील.

भिंतीवर खुर्चीच्या पाठी घासतात, शिंतोडे उडतात, म्हणून खालच्या तीन-साडेतीन फुटांना पुसता येणारा रंग द्या. वर एकच चित्र लावा आणि ते नेहमीपेक्षा खाली लावा, कारण बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून चार फुटांवर असते. जागा मोठी दिसावी म्हणून आरसा लावायचा असेल तर खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावा, पण जेवणाऱ्यांच्या समोर नको. स्वतःला जेवताना बघणं कुणालाच सुखाचं नसतं. चित्र कोणतं, असं विचाराल तर मी वारलीचं नाव घेईन. पेरणी, लावणी, कापणी हे त्या चित्रांचे जुने विषय, अन्न ताटात येईपर्यंतची सगळी वाट त्यांत असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छापील स्टिकर चिकटवण्यापेक्षा डहाणू-पालघरच्या एखाद्या कलाकाराने गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेलं लहानसं चित्र घ्या.

एवढं झाल्यावर लोक विचारतात, टेबलावर काय ठेवू? माझं उत्तर : काहीही नाही. काचेची फळं, कृत्रिम फुलांची परडी, मेणबत्त्यांचे स्टँड आले की त्यांच्या आडोशाला विजेचं बिल येतं, मग औषधांचा डबा, मग मुलांच्या वह्या, आणि महिन्याभरात घरचे ताटं घेऊन टीव्हीसमोर बसलेले असतात. चार बाय अडीच फुटांत कायमच्या शोभेला जागा नसते.

आपल्याकडे जेवणाची शोभा मांडायची आणि उचलायची असे. पाट मांडायचा, पाण्याचा तांब्या-भांडं ठेवायचं, सणाला पानाभोवती रांगोळी काढायची. पानात वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भाताची मूद. केळीच्या पानाचं टोकसुद्धा जेवणाऱ्याच्या डावीकडे. रंग, चव, हाताची सोय, सगळ्याचा विचार त्या मांडणीत आहे. जेवणं झाली की सगळं उचललं जाई आणि जागा पुन्हा मोकळी. एका खोलीतल्या संसारांनी हे पिढ्यान्‌पिढ्या निभावलं. लहान जागेची सजावट कशी असावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून आज रात्री एवढं करा. टेबलावरचं सगळं उचला, ओल्या फडक्याने पुसा, धुतलेलं कापड घाला, मधे पाण्याचा तांब्या ठेवा आणि दिवा लावा. मग घरातल्या सगळ्यांना एकदम हाक मारा. चौघं समोरासमोर बसून जेवली, की तो कोपरा सजला.