यादी श्वानांची, जबाबदारी कुणाची?

कृषी भवनातून निघणारी पत्रे सहसा चर्चेचा विषय होत नाहीत. केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना धाडलेले पत्र मात्र त्याला अपवाद ठरले. पिटबुल, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग, डोगो आर्जेन्टिनो आदी २३ जातींच्या श्वानांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, नवे परवाने देऊ नयेत आणि ज्यांच्या घरी हे श्वान आधीच आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय होता. महिनाभरातच ते न्यायालयात कोसळले. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येणार नाही, हे त्याचे मुख्य कारण. दिल्ली उच्च न्यायालयातही केंद्राला माघार घेऊन, हरकती मागवून नव्याने विचार करू, असे सांगावे लागले.

हे पत्र काढण्याची निकड का भासली, हे समजून घेणे आवश्यक आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका पाळीव पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा बळी घेतला. पाठोपाठ सप्टेंबरात गाझियाबादच्या एका गृहसंकुलातील लिफ्टमध्ये कुत्रा लहान मुलाला चावला आणि त्याची मालकीण जवळ उभी असूनही मुलाकडे ढुंकूनही पाहत नव्हती, असे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. लोकक्षोभ उसळला तो कुत्र्यापेक्षा त्या बेफिकिरीवर. प्रशासनाने मात्र उत्तर शोधले ते कुत्र्याच्या जातीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर व डोगो आर्जेन्टिनो या तीन जाती पाळण्यास मनाई केली, कानपूरनेही तोच कित्ता गिरवला. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले आणि मुदत संपता संपता हे पत्र निघाले. मुदतीच्या धाकाने तयार होणाऱ्या टिपणीची प्रत काय असते, हे या पानाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

ती घाई यादीतही दिसते. ‘टोसा इनू’ आणि ‘जपानी टोसा’ ही एकाच श्वानाची दोन नावे तीत दोनदा आली. ‘टेरियर’ हा शब्द मोघमपणे घातल्याने मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही हिंस्र ठरण्याची वेळ आली. कंगाल, अकबाश, शारप्लानिनाच ही नावे वाचून कोणत्या जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्याला समोरचा प्राणी ओळखता येणार होता? बाजारात मिळणाऱ्या ‘पिटबुल’पैकी बरेचसे संकरित असतात आणि त्यांची वंशावळ विक्रेत्यालाही ठाऊक नसते. जात ठरवता येत नसेल तर बंदीचा अंमल करणार कसा?

परदेशांचा अनुभवही फारसा आशादायक नाही. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार प्रकारचे श्वान प्रतिबंधित केले. त्यानंतर तीन दशकांनी, त्या चारांत न बसणाऱ्या ‘एक्सएल बुली’ या नव्या प्रकाराने माणसे मारली आणि फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये यादीत पाचवे नाव घालावे लागले. पैदास करणारे यादीच्या एक पाऊल पुढे असतात, हा याचा अर्थ. नेदरलँड्सने तर १९९३ ची पिटबुलबंदी चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ मध्ये मागे घेतली.

याचा अर्थ जातीला काहीच महत्त्व नाही असा मुळीच नव्हे. झुंजीसाठी वा राखणीसाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या श्वानाचा जबडा, त्याचे वजन आणि एकदा धरल्यावर न सोडण्याची त्याची वृत्ती यांमुळे दुखापत गंभीर होते. श्वानप्रेमी संघटना हे सत्य झाकतात, तेव्हा त्या स्वतःच्याच बाजूची हानी करतात. परंतु चावा घेण्यापर्यंत वेळ का येते, याचे उत्तर बहुधा घरातच असते. आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू, दिवसभर साखळीने बांधलेला किंवा सदनिकेच्या गच्चीत कोंडलेला श्वान, माणसांची व अन्य प्राण्यांची सवयच न लागणे, मुद्दाम चिथावून ‘तिखट’ बनवणे, निर्बीजीकरण टाळणे, ही सारी माणसाची कृत्ये आहेत. पूर्वी ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी बंगल्याच्या फाटकावर असे आणि फाटकाआड मोकळे अंगण असे. आता पाटीही नाही, अंगणही नाही. चौदाव्या मजल्यावरचा श्वान आणि शेजारचे मूल एकाच लिफ्टने खाली उतरतात.

मुंबईतील दोन निकाल या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. २०१० मध्ये रॉटवायलरने एका ७२ वर्षांच्या वृद्धाला चावे घेतल्याच्या प्रकरणात श्वानाच्या मालकाला जानेवारी २०२३ मध्ये तीन महिन्यांची कैद झाली. दुसरे प्रकरण वरळीचे. तेथे २०१८ मध्ये लिफ्टमध्ये कुत्रा शेजाऱ्याला चावला आणि मालकाला मे २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. हा कुत्रा हस्की होता. २३ जातींच्या यादीत हस्कीचे नाव नाही. म्हणजे २०२४ ची यादी त्या दिवशी अमलात असती, तरी त्या शेजाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोगी पडला तो निष्काळजी मालकाला शासन करणारा जुना फौजदारी कायदा, पण त्यालाही एका प्रकरणात सात व दुसऱ्यात बारा वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या कायद्याची अवस्था काय आहे? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने कैद तेवढीच ठेवून दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. पिटबुलच्या एका पिल्लाला याहून अधिक किंमत पडते.

खरी गुंतागुंत अधिकारांच्या वाटणीत आहे. पशुधनाचे जतन व पशुरोग हा राज्यसूचीतला विषय, प्राण्यांवरील क्रौर्याचा प्रतिबंध समवर्ती सूचीतला आणि कुत्र्यांची नोंदणी महापालिकांकडे. दिल्लीत तर १९५७ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९९ मध्येच नोंदणीची तरतूद आहे. पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. समाजमाध्यमांवरून चालणारा पिल्लांचा व्यापार पाहिला, की ते किती पाळले जातात याची कल्पना येते. दरम्यान, गाझियाबादसारखी महापालिका मुसके बांधण्याची सक्ती करते आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना निवासी संघांना सांगतात, की मुसक्याचा आग्रह धरता येणार नाही. नोएडा वा द्वारकेतील एखाद्या सोसायटीचा सचिव असलेल्या मराठी माणसाने यातले कोणते कागद भिंतीवर लावावेत?

भटक्या श्वानांच्या वादात हा प्रश्न अधिकच झाकोळून गेला. सर्वोच्च न्यायालयाचे ऑगस्ट २०२५ मधील दोन आदेश आणि ७ नोव्हेंबरचा शाळा, रुग्णालये व स्थानकांविषयीचा आदेश हे भटक्या श्वानांपुरते आहेत. २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंश झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यांतले पाळीव किती, नोंदणीकृत किती, कोणत्या जातीचे किती, ही फोड त्या आकड्यात नव्हती. अशी माहिती हाताशी नसताना जातींची यादी कशाच्या आधारावर केली, हा प्रश्न न्यायालयाने विचारला नसता तरी कुणीतरी विचारलाच असता.

मोटारीला क्रमांक असतो, चालकाला परवाना असतो आणि त्रयस्थाच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा असतो. पंचावन्न किलोच्या रॉटवायलरला यांपैकी काहीच लागू नाही. नोएडा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या दिशेने एक पाऊल टाकले. पाळीव प्राणी चावल्यास दहा हजार रुपये दंड आणि जखमीच्या उपचारांचा खर्च मालकाने द्यायचा, असे धोरण तिथे ठरले. गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुण येथे सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात दगावला, त्यानंतर तेथील विधानसभेने २०२५ मध्ये प्राण्यांची पैदास, पालन व नुकसानभरपाई यांविषयीचे विधेयक संमत केले. त्यातही हिंस्र जाती घोषित करण्याचा अधिकार सरकारकडे आहेच. मात्र ‘नुकसानभरपाई’ हा शब्द कायद्याच्या नावातच आला, हे केंद्राच्या पत्रात नव्हते. महाराष्ट्रासह अन्य राज्यांना असे कायदे करण्यासाठी कृषी भवनाच्या पुढच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.