चालणाऱ्याची जमीन चालणाऱ्याला परत द्या!

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांच्या सोयीसाठी आणि सुरक्षेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच सुमारास स्वीकारली. मार्च २०१८ मध्ये मुख्यसभेने वाहनतळ धोरणावर मान्यतेची मोहोर उठवली. रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, मग बसचा नि सायकलचा आणि खासगी मोटारीचा सर्वांत शेवटी, हे या शहराने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी कबूल केले, त्याला आता दहा वर्षे होत आली. या दहा वर्षांत त्या कबुलीचे काय झाले ते पाहायला फार लांब जायला नको. संध्याकाळी सहाच्या सुमाराला लक्ष्मी रस्त्यावर, टिळक रस्त्यावर किंवा स्वारगेटच्या चौकात दहा मिनिटे उभे राहावे. सत्तरीची बाई पिशवी सांभाळत पांढऱ्या पट्ट्यांपाशी थबकते आणि तिच्यासाठी एकही चाक थांबत नाही. ज्यांनी धोरणे मंजूर केली, ज्यांनी ती फायलीत बांधून ठेवली आणि ज्यांनी मतांच्या भीतीने त्यांचा गळा घोटला, त्या सर्वांना आम्ही आज जाब विचारत आहोत.

पेठांतला कोणताही फूटपाथ घ्या आणि खाली पाहत चाला. भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते की पदपथाची कडा रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नसावी. इथे ती कुठे फूटभर, कुठे त्याहून वर. गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्यावर चढायचे कसे? चढलाच, तर दहा पावलांवर दुकानदाराने स्वतःच्या पायरीसाठी केलेला उतार. पुढे महावितरणचा डबा, त्याला टेकून फ्लेक्सची मोडकी चौकट. मग उखडलेले पेव्हिंग ब्लॉक, ज्यांच्याखाली साचलेले पाणी पाय पडताच कपड्यांवर उडते. आणि त्यानंतर ओळीने लावलेल्या दुचाक्या, हँडलला हँडल लावून, भिंतीपर्यंत. मानकाप्रमाणे वस्तीतल्या पदपथावर किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाता यावे, हा त्या १.८ मीटरचा हिशेब. पेठांत चाकाची खुर्ची घेऊन कोणी बाहेर पडलेला दिसतो का? दिसत नाही, कारण आपण त्याला घरात कोंडून ठेवले आहे. या शहरातले कितीतरी अपंग आणि म्हातारे नागरिक केवळ फूटपाथ नाही म्हणून चार भिंतींत आयुष्य काढतात. त्यांची नोंद कुठल्याच अपघाताच्या तक्त्यात होत नाही.

ज्यांची नोंद होते त्यांचा आकडा ऐका. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२३ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली ३५ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. दर पंधरा मिनिटांना एक! तो ना मोटारीत बसला होता, ना कोणाला ओव्हरटेक करत होता. तो दूध आणायला, शाळेला, कामाला, देवळाला निघाला होता. एवढी माणसे एखाद्या साथीने मेली असती तर सरकारे हादरली असती. रस्त्यावर मेली म्हणून आपण पंचनामा करतो, पाण्याचा फवारा मारून रस्ता धुतो आणि वाहतूक सुरळीत झाल्याचे जाहीर करतो.

या सगळ्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे आणि तो बोलायला एकही पक्ष तयार नाही. मोटार उभी करायला बांधकाम नियमावली ज्या मापाची जागा धरते ते माप अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकातल्या कुटुंबासाठी घराची मर्यादा होती ३० चौरस मीटर चटई क्षेत्र. दोन मोटारी आणि एक-दोन स्कूटर जेवढी जागा अडवतात तेवढ्यात एका कुटुंबाने संसार करायचा असतो, आणि त्या घरासाठी ते कुटुंब वीस-वीस वर्षे हप्ते फेडते. मोटारवाल्यांना मात्र तेवढीच जागा, तीही जंगली महाराज रस्त्यासारख्या सोन्याच्या भावाच्या जमिनीवर, फुकट हवी. ही जागा येते कुठून? चालणाऱ्याच्या पायाखालून येते, बसच्या मार्गातून येते, सायकलच्या पट्ट्यातून येते. जिच्याकडे वाहन नाही ती धुणेभांडी करणारी बाई तीन घरे पायी करते आणि तिच्या वाट्याचा रस्ता वाहन असलेल्याला मोफत दिला जातो. गरिबाकडून काढून सुस्थिताला देण्याचा इतका उघड व्यवहार दुसऱ्या कुठल्या खात्यात चालला असता तर रान पेटले असते. शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि वाहनतळाचे शुल्क त्या मोलाला साजेसे असावे, हे केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच लिहून ठेवले आहे. त्या कागदावर वीस वर्षांची धूळ बसली.

२०१८ च्या वाहनतळ धोरणाचे जे झाले ते तर या शहराच्या लोकप्रतिनिधित्वावरचा डाग आहे. धोरण मंजूर होताच हलकल्लोळ उठला. सर्वसामान्यांच्या खिशाला चाट, अशी आरोळी झाली. मग सत्ताधाऱ्यांनी कच खाल्ली आणि प्रयोग म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरते ते ठेवायचे ठरले. पुढे वर्षांमागून वर्षे गेली, त्या पाच रस्त्यांवरही शुल्काची पावती फाटली नाही. कोण तो सर्वसामान्य, ज्याच्या नावाने हे सगळे झाले? पीएमपीच्या बसथांब्यावर पाऊण तास तिष्ठणारा सर्वसामान्य नाही काय? पाचवीतल्या मुलाला हाताशी धरून सिंहगड रस्ता ओलांडणारी आई सर्वसामान्य नाही काय? त्यांच्या खिशाची आठवण त्या दिवशी एकाही वक्त्याला झाली नाही.

व्यापारी बंधूंना आमचे एक सांगणे आहे. पार्किंग गेले की गिऱ्हाईक जाते, ही तुमची भीती आम्ही समजू शकतो. धंदा तुमचा आहे, पोट तुमचे आहे. पण सकाळी दुकान उघडताना दारासमोर जी वाहने लागतात आणि रात्री शटर पडेपर्यंत जी हलत नाहीत, ती कोणाची असतात? मालकाची आणि नोकरांची. गिऱ्हाइकाची गाडी उभी राहायला जागा उरत नाही ती त्यामुळे. सम-विषम तारखांच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या बदलून हा गुंता सुटला नाही आणि सुटणारही नाही. तासाला दाम लागू करा, दिवसभर ठाण मांडणारी वाहने आर्यन-मिनर्व्हासारख्या वाहनतळांवर जातील आणि अर्ध्या तासाच्या खरेदीसाठी आलेल्याला जागा मिळेल. आणि पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाचे मोल तुम्ही स्वतः पाहिले आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला, लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद केला आणि लोक रस्त्याच्या मधोमध मुलाबाळांसह निर्धास्त चालले. वर्षात एक दिवस जे जमते ते उरलेल्या ३६४ दिवसांत का जमू नये, याचे उत्तर पथ विभागाने द्यावे. जंगली महाराज रस्त्यावर आणि फर्गसन रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हाही वाहतूक कोलमडेल असे भाकीत करणारे कमी नव्हते. आज तिथे आजी-आजोबा बाकावर बसतात. काम करता येते, हे याच महापालिकेच्या अभियंत्यांनी करून दाखवले आहे. म्हणूनच इतरत्र न करण्याचा दोष दुप्पट जड आहे.

अतिक्रमण विभागाची गाडी निघते ती पथारीवाल्यावर. पालेभाजीची टोपली उचलली जाते, हातगाडी जप्त होते. त्याच फूटपाथवर चाके चढवून उभी असलेली मोटार मात्र अतिक्रमण ठरत नाही! पथारी व्यावसायिकांसाठी संसदेने २०१४ साली कायदा केला. सर्वेक्षण करा, समिती नेमा, विक्रीक्षेत्रे ठरवा आणि मगच हात लावा, असे तो सांगतो. ते काम नीट पार पाडले तर चालणाऱ्याला वाट मिळते आणि विकणाऱ्याला ठाव मिळतो. दोन गरिबांना फूटपाथच्या तुकड्यासाठी आपसांत झुंजवून मोटारीला वाट करून देणे हा प्रशासनाचा घोर अन्याय आहे.

जबाबदारी झटकण्याचा खेळ तर गावोगाव सारखाच. महापालिका म्हणते, कारवाई वाहतूक पोलिसांची. पोलीस म्हणतात, पट्टे आणि पाट्या महापालिकेच्या. तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा मुख्याधिकारी सांगतो, रस्ता सार्वजनिक बांधकामचा. बांधकाम खाते बोट दाखवते महामार्ग प्राधिकरणाकडे. एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेच्या तोंडावर, शाळेच्या फाटकाशी ट्रक भरधाव जातात. गतिरोधक मागायला गेलेल्या ग्रामस्थांना चार कार्यालये दाखवली जातात. राज्यघटना याबाबत निःसंदिग्ध आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांची कामे दिली आहेत. त्यांत रस्ते व पूल आहेत, आणि दिवाबत्ती, बसथांबे यांच्या जोडीने वाहनतळही स्पष्ट शब्दांत आहेत. हे काम आमचे नव्हे, असे म्हणणारा नगराध्यक्ष किंवा आयुक्त घटनेने स्थानिक संस्थांच्या यादीत घातलेले काम नाकारतो आहे.

न्यायालयांनी तरी आणखी किती सांगावे? १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी ठणकावले की सुरक्षित पदपथ मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शहरांतल्या पदपथांची आणि ओलांडण्याच्या जागांची तपासणी करण्याचे आदेश दिले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे आणि उघड्या मॅनहोलमुळे मरणाऱ्यांच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाईचा आदेश काढला. मोटार वाहन कायद्याचे २०१९ साली आलेले १९८-अ कलम रस्ता सदोष बांधणाऱ्या कंत्राटदाराला आणि संबंधित यंत्रणेला दंड सुनावते. एवढी हत्यारे हाती असताना एकाही अभियंत्याच्या वेतनातून दंड कापला गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पैसा नाही, ही सबब तर कानांवरही घेऊ नये. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशकात, २०२० साली जमीनदोस्त केले. ते बांधायलाही करदात्याचाच पैसा गेला होता, पाडायलाही. नगरसेवकांच्या प्रभागनिधीच्या ‘स’ यादीतून दर मार्चला चांगले ब्लॉक उखडून नवे बसवले जात, कमानी उभ्या राहत, नावाच्या पाट्या झळकत. त्याच पैशात चौकाचौकांत पदपथाच्या उंचीला ओलांडण्याचे पट्टे उचलून घेता आले असते. रस्ता तिथे उंच असला की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्याला शिपायाची गरज लागत नाही. वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीतला आणि शाळेजवळचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणणे हे मुलांचे प्राण वाचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे आणि ते रस्त्याच्या आखणीतूनच साधते.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहरात लोकनियुक्त सभागृह नव्हते. प्रशासकाच्या राजवटीत विचारणारे कोणी नाही, ही ढाल तेव्हा सर्वांना सोयीची झाली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ती ढाल गेली. १६५ नगरसेवक सभागृहात बसले आहेत. त्यांनी पहिल्याच वर्षात वाहनतळ धोरण कपाटातून बाहेर काढावे आणि गर्दीच्या रस्त्यांवर तासागणिक शुल्क सुरू करावे. त्या उत्पन्नाचा प्रत्येक रुपया त्याच प्रभागातल्या पदपथांवर आणि बसवर खर्च होईल, असा ठराव करून लोकांना हिशेब दाखवावा. पैसा कुठे गेला ते दिसले की विरोधाची धार बोथट होते. सिग्नलवर पादचाऱ्याचा हिरवा दिवा तरुणाच्या पावलांवर नव्हे, काठी घेतलेल्या माणसाच्या चालीवर मोजून ठेवावा. प्रत्येक शाळेभोवतीचा रस्ता अभियंता, मुख्याध्यापक आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र, पायी फिरून तपासावा. रस्ता खोदण्याची परवानगी देताना पदपथ पूर्ववत करून देण्याची अनामत घ्यावी आणि तो तसा झाला नाही तर ती जप्त करावी. मेट्रोचे जिने जिथे फूटपाथवर उतरले आहेत तिथे चालणाऱ्यासाठी पर्यायी जागा रस्त्यातून कापून द्यावी, वाहनांची एक रांग कमी झाली तरी चालेल.

यांतल्या एकाही कामाला मुंबई-दिल्लीची परवानगी लागत नाही. मुख्यसभेचा ठराव, स्थायी समितीची तरतूद आणि आयुक्तांचा आदेश, एवढ्यावर ते होते. येत्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलांसाठी किती रक्कम धरली आणि पदपथांसाठी किती, हे दोन आकडे आम्ही शेजारी-शेजारी छापणार आहोत, आणि पदपथांच्या तरतुदीला विरोध करणाऱ्या प्रत्येक सदस्याचे नाव त्याच्या प्रभागासह त्यांच्याखाली छापणार आहोत.