महागाईचा दर आणि आमची किराणा वही

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं बातमीचं कात्रण टाकलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला होता. खाद्यपदार्थांचा तर शून्याच्याही खाली, उणे ५.०२. कात्रणाखाली टाळ्यांचे इमोजी आणि एक शेरा : ‘आता तरी रडगाणं बंद करा.’ मी त्या वेळी पुनावळ्यात कोयते वस्ती चौकाजवळ भाजीच्या गाडीसमोर उभा होतो. मेथीची जुडी ४० रुपये, गवार १२० रुपये किलो. पावसानं पालेभाजी सडली म्हणून भाजीवाला हळहळत होता. मी जुडी घेतली, मोबाइल खिशात ठेवला आणि चालू लागलो. पण तो शेरा काही डोक्यातून गेला नाही.

आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. सरकारी आकडा दिसला की तो खोटाच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण दर म्हणजे किंमत नव्हे, हे आपण सोयीनं विसरतो. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खाद्यपदार्थ आदल्या वर्षापेक्षा १०.८७ टक्क्यांनी महागले होते. भाज्या तर ४२ टक्क्यांनी. म्हणजे २०२३ ला जो बाजार १०० रुपयांत यायचा, तो २०२४ ला जवळपास १११ वर गेला. आता त्यातून पाच टक्के वजा करा. उरतात १०५. बातमीत महागाई ‘शून्याखाली’ गेली, पिशवी मात्र दोन वर्षांपूर्वीपेक्षा पाच रुपयांनी जडच राहिली. शिवाय ही सगळ्या देशाची सरासरी. भाजी उतरली हे खरं, तूरडाळही उतरली. २०२४ मध्ये १८० च्या पुढं गेलेली डाळ २०२५ मध्ये १२०-१३० ला मिळत होती, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण वहीत भाजी-डाळीच्या ओळीखाली तेल असतं, अंडी असतात, दूध असतं, एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढलेला सिलिंडर असतो.

तेलाचंच बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन शेतकरी नाराज होता, त्याला भाव मिळावा हे कारण. कारण चांगलंच होतं. माझ्या घरातल्या तेलाला चार पैसे जास्त पडून कुणा शेतकऱ्याचं घर चालणार असेल तर माझी तक्रार नाही. पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात तो चार हजारांच्या आसपास विकला गेला. म्हणजे आम्ही कढईत जास्त पैसे ओतले आणि ते बांधापर्यंत पोचलेच नाहीत. मे २०२५ मध्ये शुल्क निम्म्यानं कमी झालं. तरी ऑक्टोबरच्या त्याच ‘शून्य महागाई’च्या तक्त्यात तेल-तुपाचा गट वर्षभरात ११ टक्क्यांनी वर गेलेला आहे. ग्रुपवरच्या कात्रणात ती ओळ नव्हती.

आता आमच्या वहीबद्दल. लग्न झाल्यापासून किराण्याची वही बायको लिहिते. दोनशे पानी, रेघांची. मी चाकणला कंपनीत जातो, बस पहाटे निघते. त्यामुळं घरात काय आलं, काय संपलं याच्याशी माझा संबंध ताटापुरता. यंदा जूनपासून तिनं एका प्ले-स्कूलमध्ये नोकरी धरली आणि रविवारचा बाजार माझ्याकडं आला. बाजार करायचा तर यादी हवी, म्हणून मी जुनी पानं चाळली. एका ओळीवर अडखळलो. २०२४ च्या सुरुवातीला दर आठवड्याला ‘अंडी ३०’ असं लिहिलेलं. पुढं ‘अंडी २४’. दिवाळीनंतर ‘अंडी १८’. मुलांच्या डब्यातलं उकडलेलं अंडं चुकलेलं नव्हतं. माझ्या नाश्त्यातली दोन चुकली नव्हती. मग ही बारा गेली कुठं?

विचारलं तर म्हणाली, “मेरेकू वैसेभी जमते नहीं आजकल.”

हे वाक्य मी आधीही ऐकलंय, फक्त आवाज वेगळा होता. आमच्या घरी, श्रीगोंदा तालुक्यात, जुम्म्याला दालचा व्हायचा. खाणारी माणसं नऊ आणि मटण पाव किलो. दालचा हा पदार्थ मुळात याच हिशेबाचा आहे असं मला वाटतं. थोडं मटण, भरपूर डाळ, दुधीच्या मोठ्या फोडी, वर चिंचेचा कोळ. डाळीला मटणाचा वास लागतो आणि सगळ्यांना वाटतं, आज गोश्त खाल्लं. लग्नाच्या पंगतीत त्याची शान वाढली, पण घरात तो टंचाईचाच पदार्थ होता. अम्मीच्या ताटात कायम दुधी. तिला दुधी आवडतो असा आमचा चाळीस वर्षं समज होता. मागच्या ईदला तिला म्हणालो, तुझ्यासाठी दुधी जास्त टाकलाय, तर ती नुसती हसली.

महागाईवर लिहिणारे तज्ज्ञ घराला एक ग्राहक समजतात. घर एवढ्यानं खर्च करतं, तेवढ्यानं काटकसर करतं. पण घर काटकसर करत नसतं, घरातलं कुणीतरी एक करत असतं आणि ते कोण हे बहुतेक ठरलेलं असतं. माझ्यासारख्या पगारदाराच्या घरात, फ्लॅटचं भाडं वेळेवर देणाऱ्या घरात, ही गोष्ट दीड वर्ष चालली आणि मला कळली नाही. याची लाज वाटते म्हणूनच हे लिहितोय.

त्यातच ‘घरचं खा, स्वस्त पडतं’ हा उपदेश. मी स्वतः तो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये अनेकदा केलाय. बाहेरची दालचा-राईसची एक प्लेट १२० रुपये, घरी तेवढ्यात दोघं जेवतात. हिशेब बरोबर वाटतो, कारण त्यात डाळ, मटण, तेल, गॅस सगळं धरलेलं असतं. डाळ निवडणारी, कांदा चिरणारी, कुकर उतरवणारी आणि भांडी घासणारी माणसं मात्र शून्य रुपयांत येतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणं घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात. ती करणारे पुरुष ८८ मिनिटं. रविवारच्या बाजारानंतर माझी किती झाली ते मोजायचं धाडस मी अजून केलेलं नाही. किराणा महागला की ही मिनिटं वाढतात, हा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही. तयार पीठ परवडेना की गहू आणून निवडायचे, गिरणीत न्यायचे. पाकिटातली आलं-लसूण पेस्ट बंद, खलबत्ता चालू. पैसे वाचतात, त्याची भरपाई कुणाच्या तरी मनगटातून होते.

आणि ‘घरचं खा’ हे ऐकवायला समोरच्याला घर असावं लागतं. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत पाच पोरं राहतात. कुणी आयटीआय झालेला, कुणी डिप्लोमा, कंपन्यांत अप्रेंटिस. पाच किलोचा छोटा सिलिंडर. तो कधी रात्री अकराला संपतो, मग नाक्यावरचा वडापाव. ती पोरं महिन्याचा किराणा भरत नाहीत, भरू शकत नाहीत. तेलाची छोटी पिशवी, पाव किलो डाळ, चार अंडी. थोडं थोडं घेणाऱ्याला किलोमागं जास्तच पडतं. मी पंधरा लिटरचा डबा घेऊन जे वाचवतो ते वाचवायची संधी त्यांना नाही, कारण डब्याचे पैसे एकदम काढायचे कुठून? महागाईचा दर सगळ्यांना एकच सांगितला जातो, पण एकच दर कुणी भरत नाही.

आमच्या इमारतीच्या वॉचमनचं उदाहरण तर वेगळंच. तो नांदेडकडचा. रेशनकार्ड आहे, जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, ‘वन नेशन वन रेशन’मुळं ते इथंही घेता येतं. पण बायको-मुलं गावी, धान्य गावी उचललं जातं आणि ते तिथं पुरतही नाही. हा इथं खुल्या बाजारातला तांदूळ खातो. त्याला म्हटलं, तुझ्या वाट्याचे पाच किलो इथं घे. म्हणाला, “साहेब, मग तिकडं पोरं काय खातील?” शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. महिन्याला पाच हजारही नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये तेवढ्यात एक खोली भाड्यानं मिळत नाही. ज्या पाच पोरांबद्दल वर लिहिलं, ती कागदावर या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. म्हणजे सरकारच्या लेखी खाऊन-पिऊन सुखी.

एके काळी या राज्यातल्या बायकांनी हा प्रश्न चुलीजवळ ठेवला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात लोक मिलो खाऊन दिवस काढत होते, तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, समाजवादी आणि कम्युनिस्ट एकत्र. हजारो गृहिणी हातात लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या, मंत्र्यांना घेराव घातले. तेल, साखर, रवा रास्त भावात मिळालाच पाहिजे, ही मागणी. आणीबाणीत नेत्या तुरुंगात गेल्या आणि ते सगळं थंडावलं. आज लाटणं मोर्चा म्हटलं की लोकांना गंमत वाटते. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच दिसते. ‘मला अंडी जमत नाहीत’ असं घरात म्हणण्याऐवजी त्या बायका रस्त्यावर येऊन म्हणाल्या, आम्हाला परवडत नाहीत. आमच्या ग्रुपवर हे वाक्य कुणीच लिहीत नाही. पाच मिनिटांत दारात सामान आणणाऱ्या ॲपवर सवलतीचा कोड कुठला, हे लिहितात. परवडत नाही असं म्हणणं टॉवरमध्ये राहणाऱ्याला कमीपणाचं वाटतं, मलाही वाटतं.

मात्र आजच्या मोर्चापुढं एक अडचण आहे, आणि ती माझ्या घरातलीच आहे. स्वस्त कांदा मागायचा तर कुणाकडून? माझा चुलतभाऊ श्रीगोंद्याला कांदा करतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यात बंद केली, आमच्याकडं कांदा आटोक्यात राहिला आणि त्याच्याकडं कोसळला. तेव्हा मी इथं खूश होतो, हे कबूल करायला हवं. २०२५ मध्ये निर्यातबंदी नव्हती, एप्रिलपासून निर्यात शुल्कही नव्हतं, तरी भाव पडलेला. सप्टेंबरात फोनवर त्यानं विचारलं, “तुमच्याकडं कितीला?” मी म्हटलं, २५. तो गप्प झाला. त्याला किलोला नऊ रुपये मिळाले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात म्हटलंय की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोत ३३. भावाचा हिशेब नेमका तिथंच बसला. म्हणून ‘स्वस्त द्या’ एवढीच मागणी घेऊन मी लाटणं उचलू शकत नाही. तिकडं माझेच लोक उभे आहेत.

मधले पैसे कोण खातं, यावर आम्ही दोघांनी तावातावानं दलालाला शिव्या घातल्या. मग पंधरा दिवसांपूर्वी तो मोशीच्या उपबाजारात माल घेऊन आला आणि परत जाताना पुनावळ्याला वाट वाकडी करून आमच्याकडं थांबला. भुयारी मार्गातल्या कोंडीत त्याचा पाऊण तास गेला. वीस किलोची गोणी वर आणली. पैसे घेईना. बायकोनं वही काढली आणि म्हणाली, भाईजान, आकडा सांगितल्याशिवाय गोणी घरात येणार नाही. शेवटी बारा रुपयांनी त्यानं पैसे घेतले.

खाली दोन शेजाऱ्यांनी विचारलं, आम्हालाही आणाल का? तो तिथंच जिन्यावर बसून हिशेब करू लागला. बारदाना, हमाली, डिझेल, वाटेत सडणारा माल, त्याचा बुडणारा दिवस. फक्त कांद्यासाठी गाडी काढायची तर किलोला २१ रुपये सांगितले. गाडीवर तेव्हा २५ होता. मी म्हटलं, एवढंच वाचतं? तो म्हणाला, “दलाल होऊन बघ एकदा.”

आतापर्यंत अकरा घरांनी नावं दिली आहेत. गाडी भरायला पंचवीस लागतात. आणि या आठवड्याच्या यादीत मी ‘अंडी ३०’ लिहिलंय. नग साडेसात रुपये झालाय. बायकोनं ती ओळ पाहिली आणि विचारलं, मग दुसरं काय कमी केलं?